दोघांत तिसरं

शेजारच्या दानेश्वरीच्या बंगल्यात फेंगशुईवाली मॅडम आली, तेव्हा बाळाबाईला कुणी बोलावलेलं नव्हतं. पण न बोलावता आलात कशाला, असं बाळाबाईला विचारायची अजून कुणाची छाती झाली नव्हती. मंद्रूपच्या माळावर दीडशे मेंढरांमागं तीस वर्षं हिंडलेली बाई ती. नवरा येडू गेला, मेंढरं मोडली, एकुलता बिरुदेव जेसीबी चालवायला शिकला आणि ती पोराबरोबर जुळे सोलापूर भागात दोन खोल्यांत येऊन राहिली. घर बदललं, चालणं माळावरचंच राहिलं. समोरून कुणी आलं तर त्यानं बाजूला व्हायचं, बाळाबाईनं नाही.

बेस्तरवारचा म्हणजे गुरुवारचा दिवस, मे महिन्याचं ऊन, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. दानेश्वरीच्या हॉलमध्ये मात्र एसी लागलेला, आणि मधोमध ती मॅडम हातात होकायंत्र घेऊन गरागरा फिरत होती.

"बर्री अक्का, बर्री," दानेश्वरी तिच्या कानडीत या-या म्हणाली, कारण दुसरं काय म्हणणार.

"ही कसली सुई म्हनायची?" बूड टेकायच्या आधी बाळाबाईनं विचारलं.

"सुई न्हवं अक्का, फेंगशुई. चीनमधलं असतंय. घरात कुठली वस्तू कुठं ठेवावी, ते सांगतेत."

"त्येला चीनमदनं मानूस कशाला? माज्या सुनंला मी रोज सांगती की."

मॅडमनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिनं दारासमोरचा आरसा काढायला लावला. आलेली लक्ष्मी त्यात तोंड बघते आणि उलट्या पावली परत जाते म्हणाली. जेवायच्या टेबलाशेजारी आरसा लावायला सांगितला; ताटातलं दुप्पट दिसलं की घरातलंही दुप्पट होतं म्हणाली. टीव्हीखाली तोंडात नाणं धरलेला तीन पायांचा बेडूक मांडला. त्याचा चौथा पाय कुणी खाल्ला, असं बाळाबाईनं विचारलं, तोवर मॅडम पुढं निघाली होती.

मग सगळ्याजणी दानेश्वरीच्या मुलाच्या खोलीत गेल्या. बाळाबाई ताकाचा पेला संपवून मागनं दारात पोचली. भिंतीवर माणसाएवढा आरसा, त्याच्यासमोर पलंग. मॅडम बोट रोखून म्हणत होती, "हे बघा, नवराबायकोच्या पलंगासमोर आरसा असला की दोघांत तिसरं माणूस येतंच. आज नाही तर उद्या. माझ्या बघण्यातली उदाहरणं आहेत."

"काढतो, आत्ताच्या आत्ता काढतो," दानेश्वरी घाबरून म्हणाली. तिची सून खाली मान घालून उभी होती.

आता मॅडमच्या मनात होती बाहेरची बाई, नाहीतर बाहेरचा बाप्या. पण बाळाबाईच्या कानात 'तिसरं माणूस' पडलं आणि तिच्या डोक्यात पाळणा हलला. बिरुदेवाच्या लग्नाला चार वर्षं झाली होती, घरात मूल नव्हतं. डॉक्टर झाले, बिरोबाला नवस झाला. बिरुदेवाला तपासायला पाहिजे असं एक डॉक्टर म्हणाला, तेव्हा डॉक्टर बदलला. आणि इथं बघा, उत्तर भिंतीवर टांगलेलं. दानेश्वरीच्या सुनेला दोन लेकरं कशी झाली ते आता कळलं. दोन झाली, आजकाल तिसरं कोण करतंय, म्हणूनच आरसा काढायला लागलेत. सगळं जागच्या जागी बसलं. विचारून खात्री करायची, तर विचारायचं म्हणजे आपल्याला कळलं नाही हे कबूल करायचं, आणि ते बाळाबाईच्या हाडात नव्हतं.

"टाकून देनार असलीस तर मला दे त्यो," ती म्हणाली.

"न्या की अक्का. पण पलंगासमोर तेवढा लावू नका."

बाळाबाईनं मान डोलवली. दुसऱ्याच्या घरातला पाळणा कुणाला बघवतोय, असं मनात म्हणाली आणि संध्याकाळच्या आत बसू नावाच्या सुताराला बोलावून बिरुदेवाच्या पलंगासमोर आरसा चार स्क्रूनं आवळून घेतला.

सून दिपाली युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात जायची. शाळा उघडायला महिना राहिलेला, म्हणजे रविवारचीसुद्धा सुट्टी नाही. दिवसभर कॉलर जोडून बोटं बधिर करून ती घरी आली आणि खोलीच्या दारातच थांबली.

"आत्या, ह्यो आरसा हितं कुनी लावला?"

"मी."

"पलंगाच्या म्होरं?"

"मग काय चुलीच्या म्होरं लावू? असू दे. तुमच्या दोगांच्या भल्याचं हाय."

"झोपलं की वाटतंय, कोनतरी बगतंय."

"कोन बगतंय? तूच बगतीस. सोताच्या तोंडाला भ्यायला लागलीस का काय?"

दिपालीनं आरशावर जुनी चादर टाकली. बाळाबाईनं सकाळी ती काढून घडी करून तिच्या हातात दिली. "परत झाकलास तर बग," एवढंच म्हणाली. दिपालीनं परत झाकला नाही. त्या घरात एकदा सांगितलेलं ती दुसऱ्यांदा सांगायची वेळ येऊ द्यायची नाही. दुसऱ्यांदा सांगायची बिरुदेवाची तऱ्हा वेगळी होती.

बिरुदेव त्या आठवड्यात जेऊरकडं पाण्याची चारी खणायच्या कामावर होता. रविवारी दुपारी आला. सहा दिवसांचा धुरळा अंगावर, डोळे लाल. आईसाठी केळी आणली होती. आईला तो कधी उलटून बोलायचा नाही, पायावर डोकं ठेवल्याशिवाय कामावर जायचा नाही; चार बायकांत बाळाबाई ते सांगायची. न सांगण्यासारखं जे होतं, ते ती सांगायची नाही. त्याच्या डोक्यात कारखान्यातला नंदीश नावाचा कटिंग मास्तर भरला होता. मास्तरचा फोन आला की म्हणायचा, कापडाचं बोलायला बायकांना फोन कशाला करायला लागतो. दिवाळीत त्यानं दिपालीचा मोबाईल भिंतीवर फोडला, आणि मग मोबाईल कमी पडला म्हणून तिलाही.

भाकरी खाऊन तो पलंगावर आडवा झाला. समोर बघितलं तर पलंगावर दुसरा बिरुदेव आडवा झालेला.

"आये, आरसा कुनी आनला?"

"मी आनला," बाळाबाई दारात येऊन म्हणाली. तिला हसू आवरेना. "दानेश्वरीकडच्या मॅडम सांगत हुत्या. आता बग, तुमच्या दोगांत तिसरं येतंय का न्हाय."

आणि ती भांडी घासायला गेली, कारण पोरासमोर असल्या गोष्टी जास्त बोलायच्या नसतात.

आतनं मोबाईलवर कुणी बाप्या बोलत असल्याचा आवाज आला. तेच तेच तो तीनदा बोलला. नळाच्या आवाजात बाळाबाईला काही कळलं नाही. थोड्या वेळानं बिरुदेव बाहेर आला आणि मोरीच्या कडेला उकिडवा बसला. तोंड उतरलेलं. दमला असेल, तिला वाटलं.

"आये, तुला कवापासनं ठावं हाय?"

"बेस्तरवारपासनं."

"आन् मला फोन केला न्हाईस."

"फोनवर सांगायची गोष्ट हाय का ही? लाज वाटती की."

"खरं हाय तुजं," तो म्हणाला. खाली बघून एक काडी मोडत राहिला. "तू तरी कुठल्या तोंडानं सांगनार. बरं केलंस लावलास ते."

बाळाबाईला पोराचं कौतुक वाटलं. हल्लीची पोरं ऐकत नाहीत, आपलं ऐकतंय. तिनं चहा टाकला, शेंगाची चटणी कुटायला घेतली. बिरुदेव चहा पिऊन उंबऱ्यावर बसला. तास झाला, दीड तास झाला, हलला नाही. एकदा दानेश्वरीनं कंपाउंडवरून काय बिरुदेव, कधी आलास म्हणून विचारलं, तर त्यानं तोंड दुसरीकडं फिरवलं.

साडेपाचला दिपाली आली. चपला काढता काढता म्हणाली, "कवा आलासा?"

"आत चल," बिरुदेव म्हणाला.

दार लागलं. आतली कडी वाजली. बाळाबाई पुढच्या खोलीत ज्वारी पाखडायचं सूप घेऊन बसली.

पहिली थप्पड तिनं ऐकली. थपडेचा आवाज काय असतो ते तिला कुणी सांगायला नको. येडूनं तिला मारलं होतं, तिच्या सासऱ्यानं सासूला मारलं होतं. ह्या घरात ही काही पहिली वेळ नव्हती. अशा वेळी ती टीव्ही मोठा करायची. आताही केला. जाहिरातीतली बाई साबणाचं गाणं म्हणायला लागली. तिच्या वरनं दिपालीचं डोकं कपाटावर आपटल्याचा आवाज आला, मग परत. पत्र्याचं कपाट होतं, ते बराच वेळ घुमत राहिलं.

"तिसरा कोन हाय, नाव सांग."

"कसला तिसरा? काय बोलताय?"

"माज्या आईनं आरसा लावलाय. माज्या आईनं. तिला तोंडानं सांगाय लाज वाटली म्हनून आरसा लावला तिनं. पलंगाच्या म्होरं आरसा म्हंजी काय, सगळ्या दुनियेला ठावं हाय. बाहेरचा मानूस. मोबाईलवर हाय. तीनदा ऐकलंय मी."

बाळाबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं. ज्वारी सांडत गेली आणि तिला कळेना की ज्वारी सांडते आहे. बाहेरचा माणूस. मॅडमचं रोखलेलं बोट तिला आठवलं, दानेश्वरीच्या सुनेची खाली गेलेली मान आठवली. पाळण्यासाठी कुणी मान खाली घालतं का.

आत पट्टा निघाला. पट्ट्याचा आवाज वेगळा असतो, आधी वाऱ्याचा आणि मग कातड्याचा. दिपाली ओरडत नव्हती, मोजल्यासारखी नुसती 'आई' म्हणत होती. एक पट्टा, एक आई.

बाळाबाई उठली, दाराशी गेली, आणि तिथं उभी राहिली. पुढं जे बोलायचं ते तिला माहीत होतं. मला कळलं नाही, मी उलटं समजले, चुकी माझी. एवढं दाराला तोंड लावून म्हटलं की झालं. पण जीभ उचलेना. पोरगा म्हणेल, आईला अक्कल नाही. गल्ली म्हणेल. दानेश्वरी तर म्हणेलच, मी सांगितलं होतं की. तेवढ्या वेळात आत चार पट्टे पडले. तिनं ते ऐकले, आणि पुढं जन्मभर तिला ते चार वेगवेगळे आठवायचे होते.

"बिरू," ती शेवटी म्हणाली. "दार उगड. आरशाचं दुसरंच हाय."

"तू मदी पडू नगं आये. तू तुजं काम केलंस."

"आरं, तिसरं म्हंजी लेकरू म्हनून लावला मी. मला वाटलं, लेकरू हुतंय त्येनं."

आत पट्टा थांबला. मग बिरुदेव हसला. तसलं हसणं बाळाबाईनं त्याच्या बापाचंही ऐकलं नव्हतं.

"आता तिच्यावर पदर घालतीस व्हय. दुपारी इचारलं तवा म्हनलीस, बेस्तरवारपासनं ठावं हाय. लाज वाटती म्हनलीस. लेकरू हुन्याची कसली लाज?"

त्यानंतर जो आवाज झाला तो काचेचा होता. आख्खा आरसा एकदम खाली आला. आणि दिपाली पहिल्यांदा ओरडली, माणसासारखं नाही.

"ह्या तोंडावर भाळलाय न्हवं मास्तर?" बिरुदेव आत म्हणत होता, अगदी हळू. "ऱ्हाऊच देत न्हाय तोंड."

बाळाबाईनं दाराला खांदा दिला. दार हललं, कडी हलली नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि कडीच्या जागी दारावर घातला. पहिल्या घावात फळी पिचली. दुसऱ्यात भोक पडलं. तिसऱ्याला कडी फळीसकट निघून आली.

आत फरशीवर सगळीकडं काच. काचेच्या प्रत्येक तुकड्यात लाल काहीतरी. दिपाली पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत दुमडून पडली होती, डाव्या भुवईपासून कानापर्यंत कातडं उघडं पडलेलं, आणि तो डोळा रक्तानं मिटलेला. बिरुदेव तिच्या छातीवर गुडघा रोवून बसला होता. एका हातानं तिचे केस, दुसऱ्या हातात टॉवेलात धरलेला वीतभर काचेचा तुकडा.

"बिरू, माजं चुकलं," बाळाबाई म्हणाली.

पासष्ट वर्षांत हे शब्द तिच्या तोंडातनं पहिल्यांदा निघाले होते. तिला वाटलं होतं, ते निघाले की काहीतरी होईल. भिंत पडेल, पोरगा थांबेल. काहीच झालं नाही.

"माजं चुकलं रं. मला अक्कल न्हाय. मॅडम काय म्हनली ते मला कळलं न्हाय. ती तशी न्हाय."

"खोटं बोलू नगं आये," तो मागं न बघता म्हणाला. "तुला कदी चुकलेलं बगितलं न्हाय मी."

आणि त्यानं काच दिपालीच्या गालाला लावली.

मेंढरू कातरायला पाडायचं असलं तर समोरून जायचं नसतं. मागनं जायचं, मागचा पाय घोट्याच्या वर धरायचा, आणि एकदम आपल्याकडं ओढून अंगाचा भार त्याच्या फऱ्यावर, मांडीवर टाकायचा. साठ-सत्तर किलोचा एडकासुद्धा पडतो, कारण त्याला कळायच्या आत तो पडलेला असतो. बाळाबाईनं हे काम किती हजार वेळा केलं असेल तिलाच माहीत नाही. तिनं वरवंटा टाकला, बिरुदेवाचा उजवा पाय घोट्याच्या वर धरला आणि ओढला. तो तोंडावर आला, काचेत. ती त्याच्या पाठीवर पडली.

पण एडक्याला हात नसतात. बिरुदेवानं पडल्या पडल्या तुकडा मागं फिरवला आणि बाळाबाईचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उलगडला. तिला दुखलं नाही, नुसतं गरम लागलं. तो दुसऱ्यांदा फिरवायला लागला, तेव्हा तिनं बाजूला पडलेला वरवंटा घेतला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. काच सुटली. जेसीबीचा दांडा धरणारा हात फरशीवर उताणा पडला आणि त्याची बोटं आपोआप हलत राहिली.

"आये. आये, मेलो."

"मरत न्हाईस," ती म्हणाली, आणि गुडघा त्याच्या पाठीवर रोवला. "मेंढरं बी आसंच वरडत्यात."

दिपालीची ओढणी पलंगाच्या पायाशी होती. बाळाबाईनं ती दातानं ओढून घेतली आणि त्याचा चांगला हात आणि मागं दुमडलेले दोन्ही पाय एकत्र आवळून बांधले, एक वेढा, दोन वेढे, निरगाठ. मोडलेला हात सोडला. तो रडायला लागला. लहानपणी ताप आला की रडायचा, तसाच. बाळाबाईचं काळीज हललं, नाही असं नाही. गुडघा हलला नाही.

"दिपे, ऊठ."

दिपालीनं एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं.

"ऊठ, बाहीर जा. दार मोकळं हाय. दानेश्वरीकडं जा आन् पोलिसला फोन कराय लाव."

दिपाली भिंतीला धरून उठली. काचेवरनं अनवाणी चालत गेली. उंबऱ्यापाशी ती अडखळली, पण मागं वळून बघितलं नाही.

पंधरा मिनिटांत पोलिसांची गाडी आली. तोवर बाळाबाई पोराच्या पाठीवर गुडघा ठेवून तशीच बसली होती, आणि तिचा हात तिच्या लुगड्यावर गळत होता. गल्ली दारात जमली होती. दानेश्वरी तोंडाला पदर लावून म्हणत होती, अक्का, मी सांगितलं होतं की, पलंगासमोर नको म्हणून. बाळाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय, सांगितलं हुतंस."

सरकारी दवाखान्यात दिपालीच्या चेहऱ्याला सव्वीस टाके पडले, बाळाबाईच्या हाताला एकोणीस. दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. बिरुदेवाला प्लास्टर घालून पोलीस घेऊन गेले. रात्री मंद्रूपहून बाळाबाईचा दीर रावजी मोटरसायकलवर आला. फेटा काढून खाटेच्या कडेला बसला आणि दिपालीला ऐकू जाणार नाही असं समजून बोलायला लागला.

"वैनी, झालं ते झालं. पोरीची जखम भरंल. बिऱ्याचा हात तूच मोडलीस, तेवढी शिक्षा बास हाय. आता जबाब घ्यायला बाई यील. घसरली आन् आरशावर पडली, त्यो सोडवाय गेला, म्हनायचं. तू बी काचंवर पडलीस. मी पोरीच्या बापाशी मैंदर्गीला बोललोय. तिच्या बापाची बी ना न्हाय."

बाळाबाई छताकडं बघत होती.

"एकच पोरगं हाय वैनी तुला. त्यो आत गेला तर तुला भाकरी कोन घालंल?"

"तू घालनार न्हाईस, एवढं कळलं," बाळाबाई म्हणाली.

जबाब घ्यायला आलेली पोलीसबाई तिशीची असेल. कागद मांडीवर घेऊन ती आधी दिपालीच्या खाटेशी बसली. दिपालीचं तोंड सुजलेलं, ओठ नीट हलत नव्हते. काय झालं, असं विचारल्यावर तिनं पोलीसबाईकडं बघितलं नाही, पलीकडच्या खाटेवर सासूकडं बघितलं. रावजी खोकला.

"तिला बोलता येत न्हाय," बाळाबाई म्हणाली. "माजं लिवा. पोरानं मारलं. बिरुदेव येडू, माजा मुलगा. कपाटावर डोस्कं आपटलं, पट्ट्यानं मारलं, आरशात घातली, काचंनं तोंड कापाय लागला हुता."

"वैनी," रावजी म्हणाला.

"कारण काय होतं?" पोलीसबाईनं लिहिता लिहिता विचारलं.

"कारन मी. आरसा मी लावला हुता. फेंगसुईचं काय असतंय ते मला कळलं न्हाय, मी उलटं घेतलं, आन् त्येला तसंच सांगितलं. माजं चुकलं."

दुसऱ्यांदा हे शब्द सोपे गेले. एवढे सोपे गेले की बाळाबाईला जरा हलकं वाटायला लागलं. आता झालं, तिला वाटलं, आता सगळं सांगून झालं.

तेवढ्यात दिपाली बोलली. शब्द चावून, टाक्यांना धरून, एकेक.

"आरशाचं नका सांगू, आत्या."

बाळाबाईनं मान वळवली.

"आरसा बेस्तरवारी आला. मी चार वरसं झाली हाय हितं."

एवढं बोलून तिनं चांगला डोळा मिटून घेतला. रडत नव्हती. बोलायचं होतं ते बोलून झालं होतं आणि पुढचं काम तिचं नव्हतं, असं तिचं तोंड होतं.

पोलीसबाईनं पेन थांबवलं. एकदा सुनेकडं बघितलं, एकदा सासूकडं. "याच्या आधी मारलं होतं का कधी?"

रावजी उठला, फेटा हातातच घेऊन दोन पावलं गेला आणि थांबला. बाळाबाईला त्याच्या जागी येडू उभा दिसला, येडूच्या मागं सासरा दिसला, आणि त्या सगळ्यांच्या पुढं बिरुदेव, पायावर डोकं ठेवून कामावर निघालेला. टाके घातलेला हात ठणकत होता. एक 'न्हाय' म्हटलं असतं तर आजच्या एका दिवसावर सगळं मिटलं असतं. आरशावर मिटलं असतं. अडाणी म्हातारीचा घोटाळा, पोराचं डोकं फिरलं, संपलं.

"मारलं हुतं," बाळाबाई म्हणाली. "चार डाव. पयला, लगीन झाल्यावर जी नागपंचमी आली, त्या दिवशी. ती म्हायेरला जाते म्हनली म्हनून. दुसरा, त्येच्या म्होरच्या उन्हाळ्यात. तवा हिचा दात पडला. दात मी उचलून टाकला. तिसरा डाव गनपतीत, चौथा ह्या दिवाळीत. त्येच्या मदी नुसत्या थपडा किती, ते मला सांगता येनार न्हाय, हिला येईल."

रावजी बाहेर निघून गेला. त्याच्या मोटरसायकलचा आवाज खिडकीतनं आला आणि लांब गेला.

पोलीसबाई लिहीत होती. पान उलटून तिनं विचारलं, "त्या वेळी तुम्ही कुठं होता?"

"घरातच."

पोलीसबाईनं वर बघितलं. पलीकडच्या खाटेवर दिपालीनंही डोळा उघडला होता.

"माज्या तोंडाकडं काय बगतीस बाई," बाळाबाई म्हणाली. "लिव की. म्होरच्या खोलीत बसली हुती आन् टीव्ही मोठा केला हुता, आसं लिव. पाची डाव."